‘कशाला उतरू खाली?’

पत्राचा गोषवारा: ‘दीड वर्षापूर्वी गिरगावातली जागा विकून आम्ही कांदिवली पश्चिमेला, लिंक रोडजवळच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहायला आलो. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गिरगावात दुसऱ्या मजल्यावरून लाकडी जिन्याने दिवसातून दोन-तीनदा खाली-वर करायच्या. इथे लिफ्ट आहे, पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या गच्चीवर) बाग आणि चालायचा ट्रॅक आहे, तरी आठवडा-आठवडा घराबाहेर पडत नाहीत. फिरून या म्हटलं की म्हणतात, “कशाला उतरू खाली?” बीपीची गोळी चालू आहे, शुगर काठावर आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. ह्यांचं म्हणणं, आई आळशी झालीय. घरात ट्रेडमिल आणू म्हणतात. मी आग्रह केला तर सासूबाई चिडतात, “मला गिरगावला नेऊन सोडा” म्हणतात. मी पडले सून, फार बोललं तर वाईट दिसतं. काय करू?’

तुमच्या सासूबाईंचा प्रश्न टोमणा म्हणून सोडून देऊ नका. या पत्रातलं सगळ्यात मुद्द्याचं बोलणं मला तेच वाटलं.

गिरगावात त्या फिरायला जात होत्या असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. खाली-वर करायच्या, असं लिहिलंय. सकाळी फडके गणपतीला जाऊन यायचं, येताना ठाकूरद्वारच्या नाक्यावर पालेभाजी घ्यायची, दुपारी दळण टाकायचं, संध्याकाळी ते आणायला जायचं आणि वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर दहा मिनिटं टेकायचं. असाच काहीसा दिवस असणार त्यांचा. यातलं काहीही त्यांनी व्यायाम म्हणून केलं नसेल. पावलं मोजणारं घड्याळ तेव्हा हातात असतं, तर आकडा बघून त्याच चकित झाल्या असत्या.

आता तेच सगळं घरी येतं. कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात, दूध पहाटे दाराला लावलेल्या पिशवीत, पीठ पाच किलोच्या पाकिटात, आरती मोबाइलवर. बाहेर पडायची कारणं आपण एकेक करून काढून घेतली, आणि आता म्हणतोय की आई बाहेर पडत नाही. तेव्हा ‘आळशी’ हा शब्द थोडे दिवस बाजूला ठेवायला तुमच्या यजमानांना सांगा. निदान आईसमोर तरी.

वस्तीची रचना आणि म्हाताऱ्या माणसांचं चालणं यावर गेली वीस-पंचवीस वर्षं जगात बराच अभ्यास झालाय, हाँगकाँग-सिंगापूरसारख्या दाटीच्या, उंच इमारतींच्या शहरांतही. त्यातून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे येते. दुकान, देऊळ, दवाखाना, बाग, बसस्टॉप अशी जाण्याजोगी ठिकाणं पायी गाठता येतील इतकी जवळ असली आणि तिथवरची वाट सोयीची असली, की साठी-सत्तरीची माणसं जास्त चालतात. इमारतीला मजले किती, याने तितकासा फरक पडत नाही. हाँगकाँगमध्ये कितीतरी वयस्कर माणसं तिसाव्या मजल्यावर राहून भरपूर चालतात, कारण लिफ्टमधून बाहेर पडलं की मंडई हाकेच्या अंतरावर असते. अशा अभ्यासांत एक अडचणही असते, तीही सांगते. चालायची आवड असलेले लोक मुळातच चालण्याजोग्या वस्तीत घर घेतात, त्यामुळे सगळं श्रेय रस्त्याला देता येत नाही. पण तुमच्या घरात तो घोळ नाही. बाई त्याच, सवयी त्याच, बदलला तो पत्ता. वय दीड वर्षाने वाढलं हे धरलं, तरी दिवसात तीन फेऱ्या करणारं माणूस एवढ्यात आठवड्याला शून्यावर येत नाही.

मग खाली उतरल्यावर पुढे काय आहे, ते बघू.

तुमचं कॉम्प्लेक्स मी पाहिलेलं नाही, पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत उपनगरांत उभ्या राहिलेल्या टॉवरांची ठेवण बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. लिफ्ट पार्किंगच्या लॉबीत उघडते. तिथून फाटकापर्यंत गाड्यांसाठी केलेला उतार, त्याच्या कडेला माणसांसाठी म्हणून पिवळ्या रंगाने आखलेली दीड फुटांची पट्टी, आणि त्या पट्टीवर कुणाची तरी स्कूटर. उताराला कठडा नाही. मागून गाडी आली की हॉर्न. फाटकाबाहेर फूटपाथ चढायचा तर चांगली वीतभर उंच पायरी. पंचवीस पावलांवर शेजारच्या सोसायटीच्या फाटकासाठी फूटपाथ तोडलेला, म्हणून उतरा, पुन्हा चढा. पेव्हर ब्लॉक खचून एखादा वर आलेला. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेप्रमाणे फूटपाथची कड १५० मिलीमीटरपेक्षा उंच नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मिळावी. एकदा घरातली मोजपट्टी घेऊन खाली जा, म्हणजे कळेल आपण कुठे आहोत. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि मोतीबिंदू असेल तर करड्या फूटपाथची करडी कड दिसतच नाही. गिरगावच्या जिन्याला निदान कठडा होता. पायऱ्या पायाला पाठ होत्या, आणि धाप लागली तर पहिल्या मजल्यावर ‘बसा जरा’ म्हणणारं कुणीतरी होतं.

त्यानंतर रस्ता ओलांडणं. पादचाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ सहसा सेकंदाला १.२ मीटर चाल धरून काढतात. सत्तरीपुढच्या कितीतरी माणसांची चाल ०.८ ते ०.९ मीटर असते. समजा रस्ता २४ मीटर रुंद आहे. हिशेबातलं माणूस २० सेकंदांत पलीकडे पोचतं, तुमच्या सासूबाईंची चाल ०.८ धरली तर त्यांना ३० लागतात. मधले १० सेकंद त्या सुटू पाहणाऱ्या गाड्यांच्या समोर उभ्या. सिंगापूरमध्ये यावर २००९ पासून एक उपाय आहे: सिग्नलच्या खांबावर ज्येष्ठ नागरिकाने आपलं कार्ड टेकवलं की चौकाप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्तीचे मिळतात. आपल्याकडे ते कार्ड म्हणजे आपला हात वर करून गाड्या थांबवणं, आणि ते करायला सगळ्यांचा धीर होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी सासूबाई मुलासमोर बोलणार नाहीत. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वारंवार होते. गिरगावात घर पाच मिनिटांवर होतं, ओळखीची दहा दारं होती. इथे फाटकातून बाहेर पडल्यापासून पुन्हा लॉबीत शिरून लिफ्ट येईपर्यंत कुठेच सोय नाही. अनेक बायका याच एका भीतीने बाहेर पडणं टाळतात, वर पाणीही कमी पितात. हे तुम्हीच विचारू शकाल. ‘मला पण बाहेर हीच पंचाईत होते हो’ अशी सुरुवात केलीत तर बोलतीलही. मग गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बदलू नका.

आता पोडियम. त्याला नावं ठेवायची नाहीत मला. गाड्या नाहीत, जमीन सपाट, दिवे आहेत. पावसाळ्यात फरशी निसरडी होत नसेल तर उत्तमच. पण तिथे पोचायची जागा नाही. जिथून निघालो तिथेच परत. ज्याला चालण्याचीच आवड आहे त्याला ते चालतं; ज्याने आयुष्यभर कुठेतरी जाण्यासाठी पाय उचलले त्याला त्या चकरा शिक्षेसारख्या वाटतात. तिथले बाक बघा: पाठ नसलेले, हात नसलेले, ग्रॅनाइटचे, बहुधा आर्किटेक्टच्या चित्रात शोभून दिसणारे. गुडघ्यांना जोर देऊन उठायला बाकाला हात लागतो. बसलं की उठता येणार नाही, हे माहीत असलेलं माणूस बसतच नाही, आणि मधे बसायला मिळणार नसेल तर निघतही नाही. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत वर्दळीच्या पायवाटेवर दर ५० मीटरवर बसायला जागा असावी असं म्हटलंय, ते याचसाठी.

ट्रेडमिलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. आयुष्यात कधी न वापरलेल्या, पायाखालून सरकणाऱ्या पट्ट्यावर ७२ व्या वर्षी एकट्याने चढणं मला धोक्याचं वाटतं. शिवाय त्याने पाय हलतील, पण भाजीवालीशी होणारी दोन वाक्यं, ऊन, ओळखीचा चेहरा, हे काही मिळणार नाही. थोड्याच दिवसांत त्यावर टॉवेल वाळत पडतील.

काय करता येईल, ते सांगते. एका सुट्टीच्या सकाळी तुम्ही त्यांच्याबरोबर उतरा. व्यायामाला नव्हे, कांदे-बटाटे आणायला. त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही अर्धं पाऊल मागे राहा. ‘सांभाळून’, ‘इकडून’ असं काही म्हणू नका. कुठे थबकतात, कुठे भिंतीला हात लावतात, कुठे तुमचा दंड धरतात, कुठे बसायला जागा शोधतात, एवढंच मनात टिपा. घरी आल्यावर चहा घेताना विचारा, कुठे नको वाटलं. कदाचित उत्तर एका जागेवर येईल. ती एक पायरी, तो एक उतार, तो कुत्रा. सगळा कांदिवलीचा रस्ता सुधारायची गरज नसते. घर ते एक ठिकाण एवढी वाट नीट झाली तरी पुष्कळ होतं.

आणि तुमच्या कॉम्प्लेक्सला मागच्या गल्लीत उघडणारं छोटं फाटक आहे का, ते बघा. पुष्कळ ठिकाणी असतं आणि सुरक्षेच्या नावाखाली त्याला कुलूप असतं. किल्ली वॉचमनकडे. त्यामुळे शंभर पावलांवरच्या किराणा दुकानाला जायला मुख्य फाटकातून, मोठ्या रस्त्याने, अख्ख्या कंपाउंडला वळसा पडतो. तरुण माणूस वैतागतो आणि गाडी काढतो. म्हातारं माणूस घरी बसतं. ते फाटक सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं ठेवायला फार तर वॉचमनची खुर्ची हलवावी लागेल. सोसायटीला अर्ज करताना एकट्या सासूबाईंचं नाव लिहू नका. तुमच्या इमारतीत अशा आणखी आजी-आजोबा नक्की असतील, शाळेच्या बसला नातवंडं सोडणारेही असतील. दहा घरांच्या सह्या घ्या. त्याच अर्जात लॉबीबाहेर आणि फाटकाशी पाठ-हात असलेला एकेक बाक, आणि उताराला एका बाजूने कठडा, एवढं मागा. जास्त मागितलं की पुढच्या मीटिंगवर ढकलतात.

आता ‘कशाला’चं उत्तर. घरातलं एक काम पूर्णपणे त्यांच्या हाती द्या. पालेभाजी आणि फळं म्हणा. ते सामान ॲपवरून मागवणं बंद. त्यांनी आणलं नाही तर त्या दिवशी पालेभाजी नाही, आणि त्यावरून कुणी कुरकुर करायची नाही. पैसे रोख द्या, त्यांच्या बटव्यात, हिशेब न मागता. फोनवरून पैसे द्यायला जमत नाही म्हणून दुकानात जायचं टाळणारी कितीतरी माणसं आहेत. ओझं मात्र बेताचं: दोन लहान पिशव्या, दोन्ही हातांत सारख्या, आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. पाऊस चालू असताना नको, छत्रीत एक हात अडकतो. जून ते सप्टेंबर पोडियमचा आच्छादलेला भाग किंवा मजल्यावरचा पॅसेज चालेल.

तुमच्या मनात येईल, सुनेने सासूला बाजाराला पिटाळलं असं लोक म्हणतील. म्हणतीलही. म्हणून हे सुचवणं तुमच्या यजमानांकडून येऊ द्या, ‘आई, इथली भाजी आम्हाला कळत नाही, तूच बघून आण’ अशा शब्दांत. ते खरंही असणार. आणि पहिले काही आठवडे मुलानेच बरोबर जावं. चालायला पाहिजे असं ज्याचं म्हणणं आहे, त्याने आठवड्यातून दोन सकाळी अर्धा तास काढायला हरकत नाही.

इथे थोडं विषयांतर. फूटपाथची चर्चा निघाली की सगळ्यांचं बोट फेरीवाल्यांकडे जातं. अडवलेल्या फूटपाथवरून म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात उतरावं लागतं, हे खरंच आहे. पण कोपऱ्यावरची भाजीवाली हीच अनेक आजींची रोजची बाहेर पडण्याची जागा असते. दोन दिवस दिसल्या नाहीत तर ‘आजी कुठे गेल्या’ म्हणून तीच विचारते. तिला हाकलून रिकामा केलेला फूटपाथ रुंद होईल, पण त्यावरून जायचं कुठे? मला वाटतं मागणी १.८ मीटर मोकळ्या वाटेची करावी आणि त्यापलीकडे तिला बसू द्यावं.

मोठा रस्ता ओलांडणं टाळता येत नसेल, तर जवळचं मेट्रो स्टेशन बघून ठेवा. मेट्रो २ए लिंक रोडवरूनच जाते आणि स्टेशनांना लिफ्ट आहेत. तिकीट न काढता एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरता येतं का, ते एकदा तुम्ही स्वतः जाऊन पाहा. वळसा पडेल, पण धावपळ नाही. फूटपाथच्या तक्रारीसाठी महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे, आणि कांदिवलीसाठी आर दक्षिण विभागाचं कार्यालय. ‘फूटपाथ खराब आहे’ अशी मोघम तक्रार फिरत राहते. ‘अमुक फाटकासमोर कड इतकी उंच आहे, तिथे उतार करून द्या’, सोबत मोजपट्टी लावलेला फोटो, असं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विनाअडथळा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. अर्जात ती ओळ जरूर घाला. सिग्नलच्या सेकंदांसाठी अर्ज वाहतूक पोलिसांकडे. त्या कामाला वेळ लागेल, त्यावर अवलंबून राहू नका.

किती चालायचं, हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल करावी, आणि तोल व ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस. हा आकडा सासूबाईंना ऐकवू नका. त्याच सूचनांत हेही आहे की अजिबात नसण्यापेक्षा थोडं चालणंसुद्धा हिताचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, इथून सुरुवात पुरे. तोलासाठी ओट्याला धरून टाचा वर-खाली करणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, हे घरच्या घरी होतं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला किंवा गेल्या वर्षभरात त्या कुठे पडल्या असतील, तर आधी डॉक्टर. डोळेही एकदा तपासून घ्या.

राहिलं ‘गिरगावला नेऊन सोडा’. त्यात राग आहे तसा पत्ताही आहे. तिथे काय होतं, याची यादी त्यांच्याकडूनच काढून घ्या. तिथल्या सामाईक संडासांची, गळक्या छपराची आठवण करून वाद जिंकू नका. महिन्यातून एकदा, गर्दीची वेळ टाळून, लोकलने चर्नी रोडला घेऊन जा आणि दोन-तीन तास त्यांच्या मनाप्रमाणे हिंडू द्या. त्या दिवशी त्या किती चालतात ते बघाल तेव्हा आळसाचा प्रश्न आपोआप मिटेल. आणि त्या यादीतलं इथे काय मिळू शकतं ते शोधा. बहुधा एखादं भजनी मंडळ, एखादं ज्येष्ठ नागरिक संघाचं बैठकघर पायी जाण्याच्या अंतरावर सापडेल. पहिल्या दिवशी तुम्ही आत जाऊन ओळख करून द्या. नव्या जागी एकटीने आत शिरणं कोणत्याही वयात अवघडच.

ज्यांच्या चाळीचा किंवा जुन्या इमारतीचा पुनर्विकास अजून कागदावरच आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. बिल्डरच्या सादरीकरणात सगळे कार्पेट एरिया आणि पार्किंग विचारतात. तुम्ही उभं राहून विचारा: लिफ्ट थेट रस्त्याच्या पातळीला उघडणार का? गाड्यांपासून वेगळं, पायी जाणाऱ्यांचं फाटक कुठे आहे आणि ते दिवसा उघडं राहणार का? लिफ्टपासून भाजीच्या दुकानापर्यंत किती पायऱ्या, किती उतार आणि किती बाक? वीज गेल्यावर जनरेटरवर किती लिफ्ट चालणार, हेही विचारा. बाहेर पडलेल्या आजीला परत वर यायचंय. उत्तरं आराखड्यावर दाखवायला लावा, त्यांची नोंद मीटिंगच्या इतिवृत्तात घ्या, आणि त्यानंतरच करारावर सही करा.